लायसन्स आपण देता, म्हणून हे पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



आपल्या खात्याने जिल्ह्याजिल्ह्याला जे नंबर दिले, त्यांवरून लोक आता माणसांची पारख करू लागले आहेत. पुढे एमएच १२ दिसली की मुंबईत गाडी चालवणारा बाजूला बसलेल्याला सांगतो, ‘पुण्याची आहे, जरा अंतर ठेवून घेतो.’ पुण्यात तेच एमएच १४ला ऐकावं लागतं. कसाऱ्याच्या घाटात नाशिककर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांच्या नावाने बोटं मोडतो, आणि नागपूरच्या माणसाला सिग्नल कळत नाही असं सगळेच म्हणतात. मी नागपुरात वाढले, मुंबईत बरीच वर्षं नोकरी केली आणि आता पुण्यात राहते. तिन्ही शहरांत गाडी चालवली आहे. हा त्या त्या मातीचा गुण आहे हे मला मान्य नाही. शहर जे खपवून घेतं तेच तिथला माणूस शिकतो, आणि त्याला काही वेगळं शिकवण्याची पहिली संधी आपल्या खात्याच्या हातात असते. म्हणून हे पत्र पोलीस आयुक्तांना किंवा महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

पुण्यात हेल्मेट कोपरात अडकवून फिरणारा आणि एकेरी रस्त्यावर बिनदिक्कत उलटा घुसणारा तरुण मुंबईत नोकरीला लागला की महिन्याभरात बदलतो. वाशीचा खाडीपूल ओलांडला की पट्टा लागतो, सिग्नलला चाकं पांढऱ्या रेषेच्या मागे थांबतात. मुंबईहून पुण्यात बदलून आलेल्यांचं उलट होतं. पहिला आठवडा ते चौकात थांबतात, मागचे हॉर्न वाजवतात, आणि दुसऱ्या आठवड्यात तेही थांबेनासे होतात. माणूस तोच, लायसन्स तेच, मोटार वाहन कायदा तर १९८८चाच. खुद्द मुंबईतही हा फरक दिसतो. कुलाबा-फोर्टच्या चौकांत रेषा ठळक आहेत, हवालदार दिसतो, गाड्या थांबतात. तीच गाडी तासाभराने कुर्ल्याला पोचते तेव्हा तोच ड्रायव्हर दोन रिक्षांच्या फटीत नाक खुपसत असतो.

शहराची सवय बदलता येते, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि त्याचं श्रेय मुंबई पोलिसांना मोकळ्या मनाने द्यायला हवं. २००७ साली त्यांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध नाकाबंदी सुरू केली. तोंडाला यंत्र लावायचं, सापडला तर कोर्टात उभं करायचं, काहींना कोठडीही झाली. महत्त्वाचं हे की ती मोहीम एका सप्ताहापुरती राहिली नाही. शनिवारची रात्र आली की नाकाबंदी येणारच हे लोकांना कळलं. आज मुंबईत चार मित्र जेवायला बाहेर पडताना गाडी कोण चालवणार की टॅक्सी करायची, हे आधी ठरवतात. ही सवय दंडाच्या आकड्याने लागलेली नाही, पकडले जाऊ या खात्रीने लागली. याउलट हॉर्नचं पाहा. २०२०च्या सुमारास याच पोलिसांनी मोजक्या चौकांत यंत्रं बसवली. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. कल्पना उत्तम होती, तिचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. पण प्रयोग होता तेवढाच राहिला, आणि मुंबईत आजही दिवा हिरवा व्हायच्या तीन सेकंद आधी मागून हॉर्न सुरू होतात.

नागपूरबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण त्या शहरावर अन्याय होतो असं मला वाटतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पंचेचाळीस अंशांत सिग्नलवर दीड मिनिट उभं राहून पाहावं. डांबर तापलेलं, स्कूटरची सीट भाजते, डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यातून घाम डोळ्यांत उतरतो. तिथला दुचाकीवाला काय करतो, तर थांबारेषेच्या पन्नास-साठ पावलं मागे कडुनिंबाची सावली असेल तिथे थांबतो. दिवा हिरवा झाला की ती सगळी झुंड तिथून सुसाट सुटते, कारण तेवढं अंतर कापेपर्यंत दिवा पुन्हा लाल होईल ही धास्ती असते. बऱ्याचदा होतोच. मग लाल दिव्यातूनच गाडी काढली जाते. बाहेरून आलेला माणूस पाहतो आणि म्हणतो, इथे सिग्नल कुणी पाळत नाही. पुढे नागपुरात काही चौकांत थांबारेषेवरच हिरव्या जाळ्या बांधल्या गेल्या, भर उन्हात दुपारचे सिग्नल बंद ठेवायचेही निर्णय झाले. जिथे सावली रेषेवर आली तिथे माणसंही रेषेवर आली. कुणाला उपदेश करावा लागला नाही. वाईट सवयीच्या मुळाशी जाऊन कुणीतरी पाहिलं, एवढंच झालं. नागपूरच्या ट्रिपल सीटचं आणि गप्पा मारत जोडीजोडीने गाड्या चालवण्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. त्याला उन्हाचं निमित्त नाही.

पुण्यात राँग साइड जाण्यात काही चूक आहे असं आता फारसं कुणाला वाटत नाही. मी राहते त्या भागात एका चौकातलं उजवं वळण बंद करून दुभाजक सलग केला आहे. शाळा समोर दिसते, पण वळायला पुढे पाऊण किलोमीटर जावं लागतं. सकाळी सव्वासातला एक आई स्कूटीवर येते. पायाशी दप्तर, मागे सात-आठ वर्षांची मुलगी. ती वळायला पुढे जात नाही, डाव्या कडेने उलट्या दिशेला गाडी घालते. अंतर थोडंच आहे. समोरून पीएमपीची बस थांब्याकडे येत असते, तिला स्कूटीसाठी पुन्हा उजवीकडे घ्यावी लागते. बसच्या मागचा मोटरसायकलवाला कट मारून निघतो. थांब्यावरची माणसं बस पकडायला भर रस्त्यात उतरतात. आणि त्याच वेळी रस्ता ओलांडणारे एखादे आजोबा उजवीकडे बघून पाऊल टाकतात, कारण त्या बाजूनेच गाड्या यायला हव्यात. स्कूटी येते डावीकडून. अजून तरी तिथे कुणी दगावलेलं नाही. पण मागे बसलेली ती मुलगी रोज सकाळी हे पाहते आहे आणि दहा-अकरा वर्षांनी ती आपल्या कार्यालयात लायसन्स मागायला येणार आहे.

त्या आईला मी बेजबाबदार म्हणून मोकळी होऊ शकत नाही. वळण बंद करणाऱ्यांनी शाळा कुठे आहे हे पाहिलं होतं का? मोटारींचा वेग वाढावा म्हणून दुभाजक सलग करायचे आणि मग उलट येणाऱ्यांना पावत्या फाडायच्या, याने राँग साइड कमी होत नाही. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत आपले अधिकारी बसतात. वळण बंद करण्याआधी लोक तिथून कुठे जातात हे मोजा, पायी जाणाऱ्यांना नि दुचाकींना वाट ठेवा, एवढं त्यांनी तिथे ठामपणे बोलावं अशी माझी अपेक्षा आहे. पण त्याचबरोबर हेही खरं की त्या आईला कधीच कुणी सांगितलेलं नाही की पायी चालणारा एकाच बाजूला बघत असतो आणि आपण त्याच्या पाठीमागून येतो. हे सांगण्याची जागा म्हणजे लायसन्सची परीक्षा. ती परीक्षा आज काय तपासते?

लर्निंग लायसन्ससाठी पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की झालं. २०२१च्या जूनपासून आधार क्रमांक वापरून ही परीक्षा घरबसल्याही देता येते. हेलपाटे वाचले, एजंटांचा धंदा कमी व्हावा हा हेतूही चांगला होता. पण पडद्यापलीकडे उत्तरं कोण देतं आहे हे नीट पाहिलं जात नाही, आणि पैसे घेऊन ही परीक्षा ‘करून देणारे’ गल्लोगल्ली बसले आहेत, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पुढे पक्क्या लायसन्सची चाचणी. भोसरीला सेन्सर लावलेला ट्रॅक आहे, तिथे निदान गाडी हाताळता येते की नाही हे कळतं. सगळीकडे तसं नाही. मी भाच्याबरोबर एका मैदानावर गेले होते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेजारी शिकवणारे गृहस्थ, त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. गाडी पहिल्या गिअरवर सरळ पुढे गेली, तशीच मागे आली. दोन्ही बाजूंचे आरसे दुमडलेले होते. ते उघड, असं कुणीही म्हणालं नाही. पोरगा पास झाला आणि त्याच संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर गाडी घेऊन निघाला.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे आहेत, आणि त्यांतला पंधरावा नियम चांगला आहे. उमेदवाराने काय काय करून दाखवायचं त्याची यादीच तिथे दिली आहे: ओव्हरटेक कसं करायचं, आपल्याला दुसऱ्याने ओव्हरटेक करताना काय करायचं, वळण कसं घ्यायचं, अचानक थांबायची वेळ आली तर कसं थांबायचं, उतारावर चटकन खालचा गिअर कसा टाकायचा, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा कशी काढायची. म्हणजे नवा कायदा करा असं मी म्हणतच नाही. इतक्या वर्षांपूर्वी कागदावर आलेली ही यादी मैदानावर तपासली जावी, एवढंच म्हणते. चाचणीत दुचाकीने आठचा आकडा काढता येणं याचा अर्थ तोल सांभाळता येतो. झेब्रा क्रॉसिंगवर बाई मूल घेऊन उभी आहे, तिच्यासाठी थांबायचं, हे आठच्या आकड्यात कुठे येतं?

या यादीतल्या एका ओळीवर मला थांबायचं आहे, कारण ती ओळ कुणी तपासली नाही म्हणून पुण्यात माणसं मरतात. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. साताऱ्याकडून आलेला भरलेला ट्रक इथे न्यूट्रल करून सोडून द्यायचा ही जुनी सवय आहे. डिझेल वाचतं, मालक खूश होतो, आणि उतारावर गाडी आपली आपण धावत असते. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक धरत नाहीत, आणि इंजिनच बंद केलं असेल तर हवेचा दाबही राहत नाही. पुढे चौकाजवळ गाड्या तुंबलेल्या असतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकने इथे कित्येक गाड्यांना ठोकर दिली, आणि चालकाने उतारावर गाडी न्यूट्रल केली होती असं तपासात पुढे आलं. तिथे पट्टे मारले, फलक लावले, वेगाची मर्यादा आणली. त्यानंतरही त्या उतारावर बळी गेले.

यावर, हे चालक परराज्यांतले असतात, त्यांना लायसन्स आम्ही दिलेलं नाही, असं उत्तर मिळू शकतं. अर्धं खरं आहे. पण त्याच रस्त्यावरून रोज महाराष्ट्राच्या लायसन्सवरचेही शेकडो चालक उतरतात, आणि त्यांतल्या किती जणांनी घाटात परीक्षा दिली आहे? आपली वायुवेग पथकं महामार्गावर कागदपत्रं आणि ओव्हरलोड तपासतात. तीच पथकं बोगद्याच्या अलीकडे अवजड गाड्या थांबवून ब्रेक बघू शकतात आणि चालकाला त्याच्या भाषेत दोन वाक्यं सांगू शकतात. वाक्यं दोनच आहेत: पुढे सहा-सात किलोमीटर उतार आहे, गिअर काढू नकोस.

दिव्यांचंही तसंच. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे मी नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत पाहिले आहेत. मागच्याला त्यातला एकच दिसत असेल तर तो समजणार, ही गाडी वळणार. हायवेवर एखादा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तो ‘जा पुढे’ म्हणून, दुसरा देतो तो खरोखर उजवीकडे वळायचं म्हणून. रात्री समोरून डिपर मारला तर थांबायचं की जायचं, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. खाणाखुणांची भाषा जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी असेल तर तिच्यातून अपघातच होणार. २०१७च्या वाहनचालन नियमावलीत हे सगळं लिहिलेलं आहे. ती नियमावली ड्रायव्हिंग स्कूलमधल्या किती शिक्षकांनी वाचली आहे, हे आपण एकदा विचारून पाहावं.

‘आपल्या लोकांच्या अंगातच शिस्त नाही’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. मिझोरामची राजधानी ऐजॉल हे डोंगरउतारावरचं शहर. रस्ते आपल्या सदाशिव पेठेइतके चिंचोळे, गाड्या भरपूर. तिथे मोटारी एका ओळीत, दुचाकी दुसऱ्या ओळीत, मधली जागा मोकळी असली तरी कुणी त्यात घुसत नाही, आणि हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाही. ती माणसंही याच देशाची, याच कायद्याखालची. शिस्त एका पिढीने लावली आणि पुढच्या पिढीला ती आपसूक मिळाली.

आपल्याकडे पुढच्या पिढीला काय मिळतं आहे ते लातूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे, कुठल्याही क्लासच्या गल्लीत संध्याकाळी दिसतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, दोन-दोन तीन-तीन एका गाडीवर, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं, पण ही मुलं चालवतात ती गाडी त्याच्या दुपटीहून मोठी असते. २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड ठेवला आहे. मे २०२४मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता हे वाचून सगळा देश संतापला. तो संताप योग्यच होता. पण आपल्या मुलाच्या हातात चावी देणारा बाप त्या आठवड्यातही चावी देतच होता, कारण ती गोष्ट त्याला श्रीमंतांच्या पोराची वाटली.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक. देशभरातल्या त्या मृतांपैकी ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती, ज्यांना लायसन्स लागत नाही, ज्यांची कुठलीही परीक्षा होत नाही, आणि जी दुसऱ्या कुणाच्या तरी परीक्षेवर विसंबून रस्त्यावर पाऊल टाकतात. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर होते. नाशिकमध्ये २०२१च्या स्वातंत्र्यदिनापासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम निघाली, तिची सुरुवातीला खूप चर्चा झाली आणि पुढे ती विरून गेली. पुण्यात तर हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समित्या निघाल्या. अधिकारी बदलला की मोहीम संपते, हे लोकांना पाठ झालं आहे. ई-चलनाचंही तेच. मेसेज येतो, माणूस बघून ठेवतो, लोक अदालतीत सवलत मिळेपर्यंत थांबतो. सहा महिन्यांपूर्वी कुठल्या चौकात काय केलं हे त्याला आठवतही नाही, मग त्यातून तो शिकणार काय?

म्हणून माझं मागणं आपल्या अखत्यारीतलंच आहे. पक्क्या लायसन्सची चाचणी मैदानात संपू नये, तिचा एक भाग खऱ्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी, झेब्रा क्रॉसिंग आणि उजवं वळण असलेल्या वाटेवर व्हावा. निरीक्षक कमी आहेत हे मला माहीत आहे, म्हणून पदं भरण्याची मागणी आपण सरकारकडे जाहीरपणे करा, आम्ही नागरिक तिला पाठिंबा देऊ. घरबसल्या परीक्षा ठेवायची तर ठेवा, पण पक्क्या चाचणीच्या दिवशी त्यातले चार-पाच प्रश्न समोर उभं करून पुन्हा विचारा. २०१९च्या दुरुस्तीत उजळणी प्रशिक्षणाची तरतूद आहे. ज्याचं लायसन्स निलंबित झालं, तो ते प्रशिक्षण खरोखर पूर्ण केल्याशिवाय पुन्हा रस्त्यावर येऊ नये. आणि प्रत्येक आरटीओत दरमहा किती उमेदवार बसले, किती नापास झाले, हे दारावर लावा. ज्या कार्यालयात जवळजवळ कुणीच नापास होत नाही, तिथे काय चाललं आहे हे लोकांना कळू द्या.

यातलं एकच काम आधी करायचं झालं, तर अवजड वाहनांच्या चालकांपासून सुरुवात करावी. संख्येने ते मोटार-दुचाकीवाल्यांपेक्षा फार थोडे आहेत, त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं, आणि त्यांची एक चूक एका वेळी अनेक घरं उद्ध्वस्त करते. नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येक चालकाला खंबाटकी, कसारा, कात्रज यांपैकी जवळच्या घाटात भरलेली गाडी गिअरमध्ये उतरवून दाखवायला सांगा. काय तपासायचं, ते पंधराव्या नियमात लिहिलेलंच आहे. पुणे, सातारा आणि नाशिक या तीन कार्यालयांत ते येत्या पावसाळ्याआधी सुरू करता येईल.

कळावे,

आपली,
एक लायसन्सधारक, पुणे